प्रस्तावना : आधी जमीन, मग गाडी

टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप हाताशी असलेल्या माणसाला कच्च्या वाटांची ओढ लागली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हिची फोर बाय फोर होईल का?" होते. अमेरिकेत जवळपास नव्वद वर्षं लोक ते करत आले आहेत. पण खरं तर तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न जमिनीचा. गाडी वाळूत घालणार, खडकावर चढवणार, चिखलातून काढणार, की खडबडीत माळरानावरून ताशी शंभरने पळवणार? या चारही ठिकाणी गाडी वेगवेगळ्या कारणांनी अडते, आणि त्यातल्या कित्येक कारणांवर पुढच्या चाकांना ताकद देणं हा उपायच नसतो. हे पुस्तक त्या कारणांपासून सुरू होतं. पुढची पानं चाळण्याआधी या क्षेत्राचा नकाशा वाचकासमोर असावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

मुळात पिकअप ही माल वाहण्यासाठी जन्मलेली गाडी. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं पुढे. मागे नुसता हौदा. म्हणजे गाडी रिकामी असताना वजनाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर, आणि ढकलण्याचं काम मात्र मागच्या हलक्या चाकांवर. बाजार समितीत माल पोचवणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून रिकामी पिकअप बाहेर काढताना मागची चाकं जागच्या जागी फिरतात. तीच गाडी कांद्याच्या गोण्या भरल्या की मुकाट चढून जाते. त्यातच मागचे पाटे भरलेल्या मालाच्या हिशेबाने कडक ठेवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत. खड्डा आला की मागचं चाक खाली उतरण्याऐवजी हवेत उडतं. जमिनीला न टेकलेल्या चाकाला ताकद देऊन काय उपयोग?

इथे डिफरन्शियलचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा विषय त्याच्याभोवती फिरतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. पण साधं, उघडं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखीच ताकद देतं. डावं चाक चिखलात किंवा हवेत असेल तर त्याला फिरवायला जेमतेम जोर लागतो, आणि तेवढाच जेमतेम जोर उजव्या, घट्ट जमिनीवरच्या चाकाला मिळतो. डावं चाक गरागरा फिरतं, उजवं ढिम्म. म्हणजे अडचणीच्या क्षणी टू-व्हील-ड्राइव्ह गाडी एकाच चाकाची होते. साध्या डिफरन्शियलची फोर बाय फोर त्याच न्यायाने दोन चाकांची. उलट टू-व्हील-ड्राइव्हच्या मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर बसवला, दोन्ही चाकं एकमेकांना जखडली, की तीही दोन चाकांवर येते. ऑस्ट्रेलियातल्या एआरबी कंपनीचे हवेच्या दाबावर चालणारे लॉकर जगभर पोचले ते याच साध्या हिशेबामुळे. अर्थात लॉकरचीही किंमत आहे. तो सतत जोडलेला ठेवला तर घट्ट रस्त्यावरच्या वळणात टायर घासतात, स्टीअरिंग जड होतं. आणि ओल्या तिरक्या उतारावर दोन्ही चाकं एकदम सुटून गाडीचं शेपूट खालच्या बाजूला सरकतं.

आता थोडा इतिहास. अमेरिकेत १९३१ साली इंडियानापोलिसमध्ये सुरू झालेल्या मार्मन-हेरिंग्टन कंपनीने त्याच दशकात फोर्डच्या ट्रकांना पुढचा चालता ॲक्सल बसवून द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धाने फोर बाय फोरची उपयुक्तता लाखो सैनिकांना दाखवून दिली, आणि युद्ध संपताच ती नागरी बाजारात उतरली. १९४६ साली डॉजची पॉवर वॅगन आली, १९४७ साली विलिसची फोर बाय फोर पिकअप. शेवरोले आणि जीएमसीच्या गाड्यांसाठी मिनियापोलिसची नॅपको ही कंपनी बदलाचा संच विकत असे. १९५६ साली जीएमसीने आणि १९५७ साली शेवरोलेने तोच संच कारखान्यातून बसवून द्यायला घेतला. फोर्डने १९५९ मध्ये स्वतःची फोर बाय फोर पिकअप काढली. १९७९ साली टोयोटाची छोटी फोर बाय फोर पिकअप आली आणि हा प्रकार शेतकऱ्याच्या आणि लाकूडतोड्याच्या हातून शनिवार-रविवारच्या हौशी माणसाच्या हातात गेला. थोडक्यात, आज कारखान्यातून तयार मिळणाऱ्या फोर बाय फोरचा एक पूर्वज गॅरेजमध्ये बदललेली टू-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे.

दुसरी धारा वाळवंटातून आली, आणि ती पहिलीच्या अगदी उलट वाहते. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात तिहुआनापासून ला पासपर्यंत 'मेक्सिकन १०००' ही शर्यत झाली. तीच पुढे 'बाहा १०००' म्हणून गाजली. विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी ती २७ तास ३८ मिनिटांत जिंकली, ती फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या, फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या मायर्स मँक्स बग्गीत. १९७१ आणि १९७२ साली पार्नेली जोन्सने हीच शर्यत जिंकली 'बिग ओली' नावाच्या फोर्ड ब्रॉन्कोत. बाजारातली ब्रॉन्को फोर बाय फोर होती; ही मात्र मुद्दाम टू-व्हील-ड्राइव्ह बांधलेली. १९७९ साली वॉकर इव्हान्सने पिकअप घेऊन सगळ्या गटांत पहिला क्रमांक मिळवला. १९९४ मध्ये 'ट्रॉफी ट्रक' हा गट सुरू झाला, आणि त्यातही दीर्घकाळ मागच्या चाकांचंच राज्य होतं.

असं का, याचं उत्तर पुढच्या चाकाच्या हालचालीत आहे. खडबडीत जमिनीवर वेगाने जायचं तर चाकाने वरखाली जितकं जास्त जाता येईल तितकं चांगलं. पुढच्या चाकांना ताकद द्यायची म्हटलं की त्यांना जाणारा शाफ्ट आणि त्याचे सांधे आले, आणि ते सांधे ठराविक कोनापलीकडे वळले की तुटतात. शाफ्टच नसेल तर ती मर्यादाही नाही. शिवाय वजन कमी, मोडण्यासारखे भाग कमी. फोर्डने १९६५ पासून पिकअपला दिलेलं 'ट्विन आय-बीम' हे साधं, दणकट पुढचं सस्पेन्शन वाळवंटी मंडळींना इतकं आवडलं, की पुढे फोर्डचीच टू-व्हील-ड्राइव्ह रेंजर पिकअप घेऊन तिचे बीम कापून-वळवून नव्याने जोडणं हा दक्षिण कॅलिफोर्नियातला जवळपास गृहोद्योग झाला. शर्यतीआधी मार्गाची पाहणी करायला नेतात त्या गाडीला तिथे 'प्रीरनर' म्हणतात. पाहणीची गाडी म्हणून सुरू झालेला हा प्रकार हळूहळू स्वतंत्र शैली बनला. १९९८ साली टोयोटाने टॅकोमाची 'प्रीरनर' नावाचीच आवृत्ती विकायला काढली : उंची फोर बाय फोरची, चालती चाकं दोनच. गॅरेजातली कल्पना कारखान्याने उचलल्याचं हे दुसरं उदाहरण. तिसरं आपल्याकडचं. इसुझूने २०२१ मध्ये भारतात आणलेली डी-मॅक्स हाय-लँडर ही अशीच उंच, पण टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप. गेल्या काही वर्षांत बाहाच्या शर्यतीत चारही चाकांवर चालणारे ट्रॉफी ट्रक आले आणि जिंकूही लागले. म्हणजे हा वाद संपलेला नाही. सांध्यांचं तंत्र सुधारलं तसं पारडं सरकलं.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन पंथ दिसतात.

पहिला पंथ पुढचा ॲक्सल बसवणाऱ्यांचा. यांचं सामर्थ्य खडकावर आणि चिखलात दिसतं. पण त्यांच्या गाडीला खरा फायदा पुढच्या चाकांइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, ट्रान्सफर केसमधल्या, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतल्या, लो गिअरचा होतो. जुन्या टोयोटांमध्ये हा गिअर सुमारे २.२८ पट हळू चालतो. म्हणजे तेवढ्या पटीने ताकद वाढते आणि खडकावर गाडी मुंगीच्या पावलांनी नेता येते. टू-व्हील-ड्राइव्हकडे हा गिअर नसतो; तिचा ड्रायव्हर क्लचवर खेळतो आणि प्लेट जाळतो. या पंथाची अडचण खर्चाची. ट्रान्सफर केस, पुढचा ॲक्सल, दोन्ही शाफ्ट, हब, गिअरबॉक्सचं मागचं घर आणि कित्येकदा चेसीचे आडवे दांडेसुद्धा वेगळे लागतात. अपघातात गेलेली तशीच फोर बाय फोर गाडी सुट्या भागांसाठी मिळाली तर गणित जमतं. नाहीतर आपली गाडी विकून तयार फोर बाय फोर घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. या पुस्तकात हे स्पष्ट सांगितलं आहे, कारण दुकानदार ते सांगत नाहीत.

दुसरा पंथ वाळवंटी. लांब हालचालीचं सस्पेन्शन, तेलाची वेगळी टाकी असलेले शॉक ॲब्सॉर्बर, आणि वेग. शॉकमधलं तेल सतत घुसळून तापतं, त्यात फेस येतो आणि शॉक दाबाला विरोध करेनासा होतो. म्हणून तिथे शॉकच्या आकारावर आणि थंड राहण्यावर एवढा पैसा जातो. मोकळ्या, कोरड्या, प्रचंड जमिनीत ही विद्या अजोड आहे. महाराष्ट्रात ती वापरायला तशी जमीनच नाही.

तिसरा पंथ मध्यममार्गी, आणि या पुस्तकाचा कल त्याच्याकडे आहे. चांगले टायर, त्यांच्यातल्या हवेचा नेमका दाब, मागच्या ॲक्सलला लॉकर, थोडी उंची, खालून संरक्षक पत्रा, ओढून काढण्यासाठी पुढे-मागे भक्कम हूक, आणि हौद्यात विचारपूर्वक ठेवलेलं वजन. यातला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हवा. डांबरी रस्त्यावर पस्तीसच्या आसपास असलेला दाब वाळूत पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवला की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळू खणण्याऐवजी वरून चालते. आइसलँडमधल्या आर्क्टिक ट्रक्ससारख्या मंडळींनी रुंद टायर आणि अगदी थोडी हवा या जोडीवर बर्फात गाड्या नेण्याचं आख्खं शास्त्र उभं केलं. मात्र आपल्या काळ्या मातीत हवा कमी करून फारसं भागत नाही. तिथे माती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो. तिथे हवी रुंद खाचांची नक्षी आणि चिखल झटकून टाकण्याइतका वेग. जमीन बदलली की उपाय बदलतो.

तिन्ही पंथांना एक नियम सारखाच लागू आहे : प्रत्येक बदल पुढच्या बदलाची उधारी मागे ठेवतो. समजा, २८ इंची टायर काढून ३३ इंची बसवले. ॲक्सलखालची जागा अडीच इंचांनी वाढली. हे झालं जमेच्या बाजूला. पण घेर सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्यामुळे ॲक्सलमधलं ४.१० गुणोत्तराचं क्राउन-पिनियन आता ३.४८ असल्यासारखं वागतं, चढावर गाडी दम टाकते. पूर्वीची ताकद हवी तर ४.८८ च्या आसपासचं क्राउन-पिनियन बसवायला हवं. काटा ताशी ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७१ ने धावत असते. मोठं, जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. टाय रॉड आणि बॉल जॉइंट लवकर झिजतात, आणि स्टेपनी हौद्याखाली मावत नाही.

उंची वाढवण्याची उधारी आणखी छुपी आहे. कित्येक पिकअपांमध्ये मागच्या ॲक्सलला एका दांड्याने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. हौदा भरला की चेसी खाली येते, ॲक्सल आणि चेसीमधलं अंतर कमी होतं, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकाम्या गाडीत अंतर जास्त, म्हणून दाब कमी. आता कोणी पाट्याखाली ठोकळे घालून मागची उंची तीन इंचांनी वाढवली, आणि दांडा तसाच ठेवला. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायमची रिकामी झाली. भरलेल्या हौद्यासह घाट उतरताना मागचे ब्रेक अर्धवट लागतात, पुढचे तापतात, आणि मालकाला कारण सापडत नाही. तिथेच ब्रेकची रबरी नळीही तपासावी लागते. चाक पूर्ण खाली लोंबलं की मूळ लांबीची नळी ताणली जाते. असे बारकावे जाहिरातीत येत नाहीत, आणि ऑफरोडचं बहुतेक नुकसान त्यांच्यातूनच होतं.

हा विषय आत्ता मराठीत का आणायचा? पहिलं कारण, गाड्या बदलल्या. उत्तर अमेरिकेत जुन्या धाटणीच्या छोट्या रेंजरचं उत्पादन २०११ मध्ये थांबलं, टॅकोमा आकाराने वाढत गेली, आणि नव्या फोर बाय फोर पिकअप सामान्य हौशी माणसाच्या खिशाबाहेर चालल्या. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांच्या हातात येते ती बहुधा जुनी टू-व्हील-ड्राइव्ह. आपल्याकडे चित्र वेगळं, तरी निष्कर्ष तोच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल आणली. तेव्हापासून गावोगाव पिकअप पोचली, पण त्यांतल्या बहुसंख्य टू-व्हील-ड्राइव्ह. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपचे भाग बसवून गाडी फोर बाय फोर करण्याची कारागिरी आपल्या मिस्त्रींकडे फार पूर्वीपासून आहे. हरियाणातलं मंडी डबवाली तर जीप बदलण्यासाठीच ओळखलं जातं.

दुसरं कारण कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या पुस्तकाचं भाषांतर करून इथल्या वाचकाच्या हाती देणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. तिकडेही सगळं मोकळं नाही. चेसीची उंची, इंजिनाचा धूर यांवर तिथे कडक नियम आहेत. या पुस्तकात प्रत्येक बदलाशेजारी त्याची कायदेशीर बाजू सांगितली आहे. इथल्या रस्त्यावर नोंदलेल्या गाडीत जे करता येत नाही, ते खाजगी जमिनीवरच्या गाडीचं म्हणून वेगळं काढलं आहे.

तिसरं कारण जमीनच. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात १९४२ साली जनरल पॅटनच्या सैन्याने रणगाड्यांचा सराव केला. त्या चाकोऱ्या आजही दिसतात. तिथल्या मातीवरचा सजीव पापुद्रा एकदा फुटला की भरून यायला कित्येक दशकं लागतात. अमेरिकेत १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनीवरच्या ऑफरोड वाहनांसाठी नियम करण्याचा आदेश काढला, १९८५ मध्ये वनखात्याने 'ट्रेड लाइटली' ही मोहीम सुरू केली, आणि १९९० मध्ये मोहावीतलं वाळवंटी कासव संकटग्रस्तांच्या यादीत गेल्यावर बरेच मार्ग बंद झाले. आपल्या सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या कातळसड्यांवर मातीचा थर बोटभरही नसतो, आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्याच थरावर उगवतात. तिथे चाक फिरलं की तो थर जातो. गाडीला जाता येतं म्हणून ती नेलीच पाहिजे असं नाही. आणि हा विचार या पुस्तकात शेवटी जोडलेल्या उपदेशासारखा नाही, प्रत्येक जमिनीच्या वर्णनातच आला आहे.

पुस्तकाची मांडणी यावरून लक्षात येईल. सुट्या भागांच्या यादीने ती सुरू होत नाही. एकेक जमीन घेतली आहे, तिथे टू-व्हील-ड्राइव्ह गाडी नेमकी का अडते ते सांगितलं आहे, मग उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने दिले आहेत, आणि कुठे थांबावं हेही. शर्यतीची गाडी बांधणाऱ्याला हे अपुरं वाटेल. त्याच्यासाठी ते लिहिलेलंच नाही. ज्याची पिकअप सोमवारी माल वाहते आणि रविवारी डोंगराच्या पायथ्याशी जाते, असा माणूस डोळ्यांसमोर आहे. शब्द गॅरेजमध्ये चालतात तेच ठेवले आहेत, म्हणजे हे पुस्तक मिस्त्रीसमोर उघडून त्याच्याशी बोलता येईल.

एकच विनंती. पहिलं प्रकरण वाचण्याआधी गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्या. हौदा रिकामा ठेवून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची; नंतर नेहमीचा माल भरून पुन्हा तसंच करा. चार आकडे मिळतील. पुढे ज्या ज्या बदलाचा मोह होईल, त्याचा हिशेब या आकड्यांवर करून पाहा. काहींना ॲक्सल बदलण्याऐवजी हौद्यात मागच्या चाकांवर नीट बांधलेली दोन पोती पुरेशी असल्याचं तिथेच कळेल, आणि त्यांनी पुस्तकाचा उत्तरार्ध खुशाल सोडून द्यावा.